दोरीवांचून धांवणारी गाडी

माणसाच्या हाताचा आवांका फार थोडा आहे. बोटें पोंचतात तेथवरच त्याची सत्ता चालते. त्यापलीकडील वस्तु हलवावयाची तर मध्यें कांहींतरी दुवा लागतो. हा दुवा मनुष्यानें प्रथम दोराच्या रूपानें निर्माण केला. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असतांना जो घटकाभर उभा राहून पाहील त्याला याचें प्रत्यंतर येईल. होडींतून नेलेलें लांबच लांब जाळें समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडलेलें असतें, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले असतात, आणि वाळूंत टांचा रोवून उभे राहिलेले रापणकर ते दोर ओढीत असतात. जाळें दिसत नाहीं, मासळीही दिसत नाहीं. परंतु दोर जड लागला, ढिला पडला, कोठें अडकला, हें सारें हातास तत्काळ कळतें. दोर दोन कामें करतो : माणसाची आज्ञा पाण्यांत नेतो आणि पाण्यांतील वर्तमान माणसाकडे आणतो.

गेल्या सव्वाशे वर्षांत हा दोर कापला गेला. आज एखाद्या डांबरी पटांगणाच्या टोकास सहा फूट लांबीची, सुईसारखी निमुळती मोटारगाडी उभी असते. तिच्यांत कोणी बसलेलें नसतें. तिचा सारथी बाजूस, हातांत लहानसा डबा घेऊन उभा असतो. दिवा हिरवा होतो, त्याचें बोट हलतें, आणि दोन-तीन सेकंदांत ती गाडी दुसऱ्या टोकास जाऊन पोंचते. खऱ्या शर्यतीच्या गाडीच्या चौथ्या किंवा पांचव्या हिश्शाच्या मापानें, स्वतःच्या हातांनीं अशा गाड्या बांधणें हा आतां जगांत अनेक देशांतील हौशी कारागिरांचा छंद झाला आहे. हवेंतून आज्ञा जाण्याची सोय तर झाली. परंतु वर्तमान परत येण्याची सोय तितक्या सहज झाली नाहीं. या एका उणिवेभोंवतींच या गाडीचा सारा इतिहास फिरतो.

मालवणाहून आग्नेयेस सावंतवाडी आहे. सावंत-भोंसल्यांच्या या जुन्या राजधानींत चितारी कारागिरांची वस्ती असून त्यांच्या नांवानें तेथें चितार आळी प्रसिद्ध आहे. पाट, चौरंग, पाळणे, भोंवरे, भातुकली आणि पाहणारास खरींच वाटावींत अशीं लांकडी फळें यांबद्दल महाराष्ट्राच्या घराघरांत या आळीचें नांव निघतें. पांगाऱ्याचें लांकूड हलकें आणि हत्याराला मऊ. म्हणून खेळण्यांस तें फार सोईचें. लाखकामाची रीत पाहण्यासारखी आहे. लांकडाचा तुकडा कातावर फिरत असतां त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते आणि लांकडावर चढते. दाब किती द्यावा, कांडी केव्हां उचलावी, हें मोजून सांगतां येत नाहीं. तें कारागिराच्या मनगटांत असतें.

अशाच लांकडी खेळण्यांच्या कुळांतला पांगुळगाडा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरला आहे. तीन चाकें आणि एक दांडा. मूल दांड्याला धरून उभें राहतें आणि पाऊल टाकतें. थोडें मोठें झालें कीं तेंच मूल चाकांवरच्या घोड्याला दोरी बांधून ओढीत नेतें. उंबऱ्याशीं घोडा अडखळला कीं मागें न पाहतांहि त्याला तें समजतें, कारण दोरी ताणली जाते. किनाऱ्यावरच्या रापणकराचें शास्त्र आणि अंगणांतल्या मुलाचें शास्त्र हें असें एकच आहे. चालविणारा आणि चालणारी वस्तु यांच्यामध्यें कांहींतरी धरण्यासारखें पाहिजे, अशी सर्व जगाची समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होती, आणि तिला बाध आणणारा अनुभव कोणास आलेलाच नव्हता.

ही समजूत प्रथम कागदावर मोडली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत विद्युत् आणि चुंबकत्व यांच्या लहरी अवकाशांतून प्रकाशाच्या वेगानें जातात असें गणितानें दाखविलें. हाइनरिख हर्ट्झ यानें १८८७-८८ मध्यें जर्मनींतील कार्लस्रुए येथें त्या प्रयोगशाळेंत उत्पन्न केल्या. परंतु लहर उत्पन्न करणें वेगळें आणि तिच्याकडून काम करून घेणें वेगळें. या दुसऱ्या गोष्टीचा एक फार जुना प्रयोग आपल्या देशांत झाला. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनीं जाहीर सभेंत या लहरी भिंतींतून पार पाठवून पलीकडच्या खोलींतील घंटा वाजविली आणि दूर ठेवलेली बंदुकीची दारू पेटविली. घंटेस कोणी हात लावला नव्हता, दारूस कोणी बत्ती दिली नव्हती. बसूंचें लक्ष लहरींच्या गुणधर्मांकडे होतें, यंत्रें चालविण्याकडे नव्हतें. तरी दूर असलेली वस्तु हात न लावतां कार्यास लावतां येते, हें त्या सभेंतील लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

त्यानंतर तीनच वर्षांनीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनांत निकोला टेस्ला यानें पाण्याच्या हौदांत सुमारें चार फूट लांबीची लोखंडी होडी सोडली. होडींत विजेच्या बॅटऱ्या, मळसूत्री पंखा, सुकाणूं आणि दिवे होते. टेस्लाच्या हातांतील पेटींतून लहर सुटली कीं होडींतलें एक चक्र एक घर पुढें सरके. त्या त्या घराप्रमाणें सुकाणूं डावीकडे वळे, सरळ होई किंवा उजवीकडे वळे. प्रेक्षकांस कांहींच उमजेना. टेस्ला त्यांना होडीस प्रश्न विचारावयास सांगे. चौसष्टाचें घनमूळ किती असें कोणी विचारलें तर होडीवरचे दिवे चार वेळां लुकलुकत. उत्तर अर्थात् टेस्लाच देत होता. ८ नोव्हेंबर १८९८ रोजीं त्याला याचें पेटंट मिळालें. त्याच्या मथळ्यांत चालत्या जहाजांबरोबर वाहनांचाहि उल्लेख आहे. जमिनीवरच्या गाडीचा विचार पाण्यांतल्या होडीबरोबरच त्याच्या मनांत आला होता असें त्यावरून दिसतें.

तो विचार प्रत्यक्षांत आणला स्पेन देशांतील लेओनार्दो तोर्रेस केव्हेदो या एंजिनियरानें. त्याला हवाई जहाजें बांधावयाचीं होतीं. नव्या जहाजाची पहिली चांचणी घ्यावयाची म्हणजे कोणातरी माणसाचा जीव पणास लावावयाचा. तो न लावतां चांचणी कशी घेतां येईल, या चिंतेंतून त्याचें ‘तेलेकिनो’ हें यंत्र निघालें. १९०३ सालीं त्यानें तें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें मांडलें आणि पुढील वर्षीं माद्रिदमध्यें चेंडूच्या खेळाच्या एका बंदिस्त आवारांत एक तीन चाकी गाडी वीस-तीस मीटर अंतरावरून चालवून दाखविली. बिनतारी लहरींच्या आज्ञेनें जमिनीवर चाललेली ही पहिली ज्ञात गाडी. आपल्या पांगुळगाड्याप्रमाणें तिलाही तीनच चाकें होतीं, आणि तिचीही चाल पहिलें पाऊल टाकणाऱ्या मुलाचीच होती. १९०६ सालीं बिल्बाओच्या बंदरांत स्पेनच्या राजासमोर त्यानें याच यंत्रानें एक होडी किनाऱ्यावरून फिरविली. राजाश्रय मात्र पुरेसा मिळाला नाहीं आणि तेलेकिनो मागें पडला. नायगारा येथें १९१६ सालीं सुरू झालेला तारांवरचा झुलता पाळणा याच एंजिनियराच्या योजनेचा आहे.

यापुढें या विद्येच्या दोन वाटा झाल्या, एक तमाशाची आणि दुसरी युद्धाची. तमाशाचा नामांकित प्रसंग १९२५ सालचा. न्यूयॉर्कच्या भर रस्त्यांतून एक पूर्ण मापाची चॅंडलर मोटारगाडी सारथ्यावांचून निघाली. फ्रान्सिस हौदिना नांवाच्या एंजिनियरानें तिला बिनतारी यंत्र बसविलें होतें आणि मागच्या गाडींत बसलेला माणूस तिला आज्ञा देत होता. गर्दी थक्क झाली; परंतु थोड्याच वेळांत गाडी बेताल होऊन वेडीवांकडी धांवूं लागली आणि शेवटीं छायाचित्रकारांनीं भरलेल्या दुसऱ्या मोटारीवर जाऊन आदळली. मागच्या गाडींतील चालकाच्या हातांत आज्ञा होती, पण पुढच्या गाडीचें सुकाणूं कसें लागत आहे याचें ज्ञान नव्हतें. घोड्याची दोरी ओढणाऱ्या मुलाजवळ जें होतें तेंच नेमकें त्याच्याजवळ नव्हतें.

युद्धाच्या वाटेवर रशियानें बिनतारी रणगाडे तयार केले आणि ब्रिटननें १९३५ मध्यें ‘क्वीन बी’ हें वैमानिकरहित विमान तोफांच्या नेमबाजीसाठीं उडविलें. शत्रूनें त्याच लहरीवर आवाज केला तर आपलें यंत्र बहकतें, ही मोठी अडचण होती. तिच्यावर एक तोडगा अगदीं अनपेक्षित ठिकाणाहून आला. चित्रपटतारका हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनीं पाणतीरास आज्ञा देण्यासाठीं अशी योजना सुचविली कीं प्रेषकानें आणि ग्राहकानें एकाच वेळीं, एकाच ठरलेल्या क्रमानें, एका लहरीवरून दुसरीवर उड्या माराव्या. आपोआप वाजणाऱ्या पियानोंत भोंकें पाडलेल्या कागदाची गुंडाळी असते. तसल्या गुंडाळीनें हा क्रम राखावयाचा आणि पियानोच्या पट्ट्यांप्रमाणें अठ्ठ्याऐंशी लहरी वापरावयाच्या. ११ ऑगस्ट १९४२ रोजीं याचें पेटंट दिलें गेलें. त्या युद्धांत त्याचा उपयोग झाला नाहीं. परंतु लहरी बदलीत राहण्याचें तत्त्व पुढें बिनतारी यंत्रांत सर्वत्र शिरलें, आणि आजच्या खेळगाडीचा डबाही त्याच तऱ्हेच्या युक्तीनें शेजारच्या डब्यांच्या गोंगाटांतून आपली आज्ञा सुरक्षित नेतो.

हौशी माणसाच्या हातीं ही विद्या आली ती मात्र विमानांच्या द्वारें. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांपैकीं एकास विमानाचा छंद होता, दुसऱ्यास बिनतारी यंत्राचा. १९३७ सालीं त्यांनीं ‘गफ’ नांवाचें सुमारें आठ फूट पंखांचें विमान उडवून इच्छेप्रमाणें वळवून परत उतरविलें. तें आज स्मिथ्सोनियन संग्रहालयाच्या ठेव्यांत आहे. त्या काळच्या यंत्रांत पोकळ नळ्या आणि जड बॅटऱ्या असत, आणि आज्ञा फार ओबडधोबड असे. पिळलेल्या रबराच्या पट्टीनें सुकाणूं फिरे : एक ठोका दिला कीं पूर्ण डावीकडे, दुसरा दिला कीं पूर्ण उजवीकडे. थोडेंसें वळणें ही गोष्टच नव्हती. डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, यंत्र मुठींत मावूं लागलें, आणि १९६० नंतरच्या दशकांत प्रमाणशीर नियंत्रण आलें. प्रमाणशीर म्हणजे चालकाचें बोट जितकें हललें तितकेंच गाडीचें सुकाणूं हलणार. हें काम करणाऱ्या छोट्या मोटरयुक्त यंत्रास सर्व्हो म्हणतात. आज्ञा आतां कुजबुजीसारखी सूक्ष्म झाली.

याच दशकांत, १९६६ सालीं, इटलींतील एलेत्रोनिका जोकात्तोली या कंपनीनें फेरारी गाडीची एक-बारांश मापाची बिनतारी प्रतिकृति बाजारांत आणली. त्यानंतर दहा वर्षांनीं जपानच्या तामिया कंपनीनें पोर्शे ९३४ ही आपली पहिली बिनतारी मोटार काढली. तामियाची गोष्ट सावंतवाडीच्या वाचकानें मुद्दाम लक्षांत घ्यावी अशी आहे. शिझुओका शहरांतील ही पेढी १९४६ सालीं लांकडाची वखार आणि करवतीचा कारखाना म्हणून सुरू झाली. लांकडाच्या प्रतिकृति करतां करतां ती प्लॅस्टिककडे वळली, आणि पोर्शेची प्रतिकृति अचूक व्हावी म्हणून तिच्या चालकांनीं खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. बाजारांतल्या खेळण्यामागेंही अशी हातानें उघडून पाहण्याची भूक असते. जी पेढी लांकूड कापीत होती तिनें लांकूड सोडलें. पण मापाचा आग्रह सोडला नाहीं.

आतां सरळ शर्यतीकडे वळूं या. वळणें नसलेली, केवळ काळाशीं लावलेली शर्यत महाराष्ट्रास नवी नाहीं. विदर्भांत शंकरपटांत बैलांची जोडी सरळ पट्ट्यावर सोडतात आणि सेकंदांचा हिशेब करतात. उत्तर पुणे जिल्ह्यांतील घाटांत तर बैलगाड्यावर कोणी बसत नाहीं. पुढें घोडीस्वार धांवतो आणि त्याच्या मागें बैल सुटतात. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर पुन्हा परवानगी दिली आणि २०२३ मध्यें महाराष्ट्राचा त्याबद्दलचा कायदा वैध ठरविला. वादाचा विषय बैलाची वेदना हा होता. वेगाची हौस भागवावयाची तर तिची किंमत कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न त्या वादानें उघड केला, आणि तो यंत्राच्या शर्यतीसही चुकलेला नाहीं.

अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर तरुण मंडळी जुन्या मोटारी घरीं दुरुस्त करून पळवीत. युद्धानंतर ओसाड पडलेल्या धांवपट्ट्यांवर हीच मौज सुरू झाली आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स यानें राष्ट्रीय संघटना स्थापून तिला नियम घातले. पाव मैल, म्हणजे १३२० फूट, हें शर्यतीचें अंतर. या ड्रॅग शर्यतीच्या जुन्या गाड्यांत एंजिन पुढें असे आणि सारथी त्याच्या मागें, मागच्या चाकांच्याही पलीकडे, गोफणींतल्या दगडासारखा बसे. १९७० सालीं डॉन गार्लिट्स या विख्यात शर्यतपटूच्या गाडीची यंत्रणा सुरुवातीसच फुटली आणि त्याच्या पायाचा कांहीं भाग तुटला. रुग्णालयांत पडल्या पडल्या त्यानें नव्या गाडीचा विचार केला. एंजिन मागें आणि माणूस पुढें अशी ती गाडी १९७१ सालीं धांवली, आणि थोड्याच वर्षांत सर्वांनीं तिचें अनुकरण केलें. २००८ मध्यें स्कॉट कॅलिटा मृत्यु पावल्यावर सर्वांत वेगवान गाड्यांचें अंतर १३२० वरून १००० फुटांवर आणण्यांत आलें. माणसास यंत्राच्या कोपापासून दूर सारण्याची ही धडपड आहे. तोर्रेस केव्हेदोनें आपल्या हवाई जहाजासाठीं जी चिंता वाहिली तीच येथें निराळ्या वेषांत दिसते. गाडी लहान करून सारथ्यास तिच्यांतून साफ बाहेर काढणें ही या धडपडीची शेवटची पायरी होय.

अशी गाडी चौथ्या हिश्शानें बांधावयाची ठरविली तर हिशेब काय होतो तें पाहण्यासारखें आहे. मोठ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २५ फूट असतें. प्रतिकृतींत तें सवासहा फूट होतें. १३२० फुटांची वाट ३३० फुटांची होते. परंतु वजन चौथ्या हिश्शानें उतरत नाहीं. लांबी, रुंदी व उंची तिन्ही चौपटीनें घटल्यामुळें तें चौसष्टाव्या हिश्शावर येतें; सुमारें २३०० पौंडांची गाडी ३६ पौंडांची होते. उलट वाऱ्यास सामोरें जाणारें क्षेत्र सोळाव्या हिश्शानेंच कमी होतें. म्हणून लहान गाडीला वारा तिच्या वजनाच्या मानानें चौपट जाणवतो, आणि जी गाडी मापानें खरीसारखी आहे ती स्वभावानें खरीसारखी राहत नाहीं. चाक थोडें उचललें कीं ती पतंगासारखी हवेंत जाऊं पाहते. मागें लावलेली उलटरोधक दांडी, पुढच्या टोकास ठेवलेलें वजन, पंखाचा कोन, हें सारें कारागिरानें स्वतः शोधून काढावें लागतें.

माणसाचें मज्जातंतु मात्र कोणत्याही मापानें लहान होत नाहींत. डोळ्यानें पाहून बोट हलावयास साधारण एक-पंचमांश सेकंद लागतो. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी तेवढ्यांत १८ फूट पुढें गेलेली असते. गाडींत बसलेल्या सारथ्यास पाठीच्या कण्यांतून तिचें सरकणें कळलें असतें. बाहेर उभ्या असलेल्या माणसास तें डोळ्यानेंच कळणार, आणि तेंही उशीरां. येथें तुटलेल्या दोराची किंमत मोजावी लागते. आतां गाडींत दिक्स्थापक यंत्र बसवितात. गाडी तिरकी होऊं लागली कीं तें स्वतःच सुकाणूं सांवरतें. बॅटरीचा दाब आणि एंजिनाचें तापमान यांचे आंकडे हातांतल्या डब्यावर परत येऊं लागले आहेत. वर्तमान थोडेंफार परतलें आहे खरें. तरी आंकडा म्हणजे दोराची ओढ नव्हे.

म्हणून जें चालतांना कळणार नाहीं तें बांधतांनाच गाडींत घालावें लागतें. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची किंवा कार्बनतंतूंच्या पट्ट्यांची चौकट एका सुताचीही वांकडी असून चालत नाहीं, कारण सरळ वाटेवर वांकडेपणास लपावयास वळण नसतें. मागचीं चाकें एकाच आंसावर घट्ट बसवून दोहोंस सारखाच फेर द्यावा लागतो, आणि तीं तोललेलीं नसतील तर वेगांत गाडी थरथरून फुटते. शक्ति विजेच्या मोटरीची घेतां येते, किंवा पेट्रोलच्या दोन ठोक्यांच्या छोट्या एंजिनाची. हें दुसरें एंजिन कोंकणांत अनोळखी नाहीं. आंब्याच्या बागांतून गवत कापण्याच्या यंत्रावर जें बसविलेलें असतें त्याच जातीचें तें असून मोठ्या मापाच्या खेळगाड्यांत प्रथम तशींच एंजिनें वापरांत आलीं. गाडीचें कवच कांचतंतु आणि राळ यांचे थर देऊन करतात. किनाऱ्यावरच्या होड्याही अलीकडे याच पदार्थाच्या होऊं लागल्या आहेत. आणि ते थर देण्यापूर्वीं कवचाचा आकार लांकडाचा ठोकळा कोरून घडवावा लागतो. जो हात पांगाऱ्याचा आंबा खरा वाटेल असा कोरतो त्याला या कामांत परकें वाटण्याचें कारण नाहीं.

सर्वांत महत्त्वाचा भाग दिसावयास क्षुद्र असतो. आज्ञेची लहर मध्येंच तुटली तर गाडीनें काय करावें, हें ग्राहक यंत्रास अगोदर शिकवून ठेवावें लागतें : इंधन बंद, ब्रेक लागलेला, सुकाणूं सरळ. त्याशिवाय एंजिन थांबविणारी स्वतंत्र कळ असावी लागते. ३६ पौंडांची वस्तु बेताल झाली म्हणजे ती खेळणें राहत नाहीं. १९२५ सालच्या न्यूयॉर्कच्या गाडीस ही शिकवण मिळालेली नव्हती.

गाडी पळवावी कोठें, हाही प्रश्न आहे. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू पाहून कोणासही मोह व्हावा, आणि तसा तो झालेलाही आहे. वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर माल्कम कॅम्बेल यानें १९२४ सालीं ताशीं १४६ मैलांचा विक्रम केला आणि तेथेंच १९२७ मध्यें पॅरी-थॉमस हा शर्यतपटू प्राणास मुकला. परंतु सिंधुदुर्गच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवें अंडीं घालतात आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वाळूखालीं काय आहे तें चाकास कळत नाहीं. शिवाय खारें पाणी यंत्राचा शत्रु. तेव्हां कुंपण असलेला, परवानगीचा, डांबरी सपाट पट्टा हाच या खेळास योग्य. आणि पाहणारांनीं गाडीच्या वाटेपासून दूर, अडसरामागें उभें राहणें हा त्याचा पहिला नियम.

दुकानांतून तयार गाडी विकत घेतां येते आणि तीही वेगानें धांवते. असें असतां महिनोन् महिने खपून ती स्वतः कां बांधावी, असा प्रश्न सुज्ञ गृहस्थ विचारतील. त्याचें उत्तर या इतिहासांतच आहे. दोर होता तोंवर ओढणाराला वस्तूची ओळख ओढतां ओढतां होत असे. आतां ती ओळख दुसरीकडून मिळवावी लागते, आणि बांधण्यावांचून तिचें दुसरें साधन नाहीं. ज्यानें प्रत्येक आंस हातानें फिरवून पाहिला, प्रत्येक नट स्वतः आवळला, कवच कोरतांना ज्याच्या बोटांस आकार ठाऊक झाला, त्याला तीनशें फुटांवरची गाडी केवळ तिच्या आवाजावरून समजते. तयार गाडी चालविणारास तिच्यांत बिघाड झाल्याचें ती थांबल्यावर कळतें.

चितार आळींतला कारागीर कातावर वांकून लाखेची कांडी दाबतो तेव्हां तोही अशीच ओळख हातांत सांठवीत असतो. त्याचा माल प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांशीं झगडत आहे हें खरें. पण माल मागें पडला तर त्याबरोबर मनगटांतलें ज्ञानही मागें पडतें, आणि तें पुस्तकांतून परत आणतां येत नाहीं. सिंधुदुर्गांतील एखाद्या शाळेंत बिनतारी गाडीचें यंत्र शिकविणारा शिक्षक आणि लांकूड कोरणारा चितारी एका बांकावर बसले, तर मुलांच्या हातीं येणारी गाडी कोठल्याही परदेशी खोक्यांतून निघालेल्या गाडीहून निराळी असेल. तिचें कवच पांगाऱ्याच्या ठोकळ्यावर घडलेलें असेल, आणि ती कोठें अडखळेल हें तिच्या मालकाला ती सुटण्यापूर्वींच ठाऊक असेल.